खाल्लेले अंगी न लागणारे मूल : जंतविकार, वजनघट आणि शिक्षकाचे कर्तव्य

प्रत्येक वर्गात एक-दोन मुले अशी असतात की, त्यांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ किंवा ‘आळशी’ असे लिहितो आणि पुढच्या नावाकडे वळतो. दुपारची सुट्टी संपली की ही मुले पेंगू लागतात. कवायतीत त्यांना धाप लागते. पाटीवरची पेन्सिल किंवा भिंतीची माती ती चोरून खातात. गेल्या वर्षी शिवलेला सदरा यंदाही त्यांना सैलच होतो. आईला विचारावे, तर ती म्हणते, “गुरुजी, घातलेलं सगळं खातो, पण अंगाला लागत नाही हो.”

हे ‘अंगाला न लागणे’ म्हणजे काय, त्याचे आपल्या खेड्यांत वारंवार आढळणारे एक कारण, म्हणजे आतड्यांतील जंत, कसे ओळखावे आणि त्या बाबतीत शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. शिक्षकाने वैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. त्याने पाहावे, नोंदवावे, मुलाला योग्य ठिकाणी पोहोचवावे आणि नंतर विचारपूस चालू ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.

१. एक जुनी चूक

१९९४ साली मी कोकणातील एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या तासाला तो बरी उत्तरे देई. पण दुपारनंतर मान खाली घालून बसे. मी त्याला उभे करी, कधी वर्गाबाहेर काढी. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वच्छ अक्षरात ‘आळशी’ असा शेरा लिहिला आणि आपण कर्तव्य केले असे मला वाटले.

पुढे लस टोचण्यासाठी आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाई शाळेत आल्या. त्यांनी त्या मुलाची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला विचारले, “गुरुजी, हे मूल किती दिवसांपासून असं पांढरं पडलंय?” मला उत्तर देता आले नाही. आरोग्य केंद्रात त्याचे रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ६ ग्रॅम भरले; ते साडेअकराच्या आसपास तरी असावयास हवे होते. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली. वजन १८ किलो भरले.

त्यानंतर जे घडले, ते मला अधिक लागले. आदल्या वर्षीच्या आरोग्य तपासणीचे कागद शाळेच्याच कपाटात होते. त्यात याच मुलाचे वजन २० किलो लिहिलेले होते. वाढत्या वयाचे मूल वर्षभरात दोन किलोंनी उतरले होते. त्याचा पुरावा माझ्या खुर्चीपासून चार हातांवर होता आणि मी तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. एकटे वजन फारसे काही सांगत नाही. दोन वजने शेजारी ठेवली म्हणजे ती बोलू लागतात. या पाठाचे सार एवढेच आहे.

२. जंत शरीरात काय करतात

आपल्याकडे जे आतड्यांतील कृमी मुख्यत्वे आढळतात, त्यांपैकी तिघांची ओळख शिक्षकाला असावी.

पहिला गोलकृमी. गांडुळासारखा दिसणारा हा कृमी १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असून लहान आतड्यात राहतो. याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते. ती शौचावाटे मातीत पडतात. ताजी अंडी बाधक नसतात. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे राहिली म्हणजे ती तयार होतात आणि पुढे कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षेही टिकतात. मातीत खेळलेले हात, वाढलेली नखे, न धुतलेली भाजी आणि उघडे पाणी यांच्याद्वारे ती तोंडात जातात. पोटात फुटलेल्या अंड्यांतील अळ्या रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन पुन्हा घशावाटे आतड्यात उतरतात. त्या काळात काही मुलांना खोकला येतो. हा कृमी मुलाच्या अन्नात वाटेकरी होतो व त्याची भूकही मंदावतो.

दुसरा अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. परंतु पोषणाच्या दृष्टीने अधिक घातक. तो आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून बसतो व रक्त शोषतो. जातीपरत्वे एक कृमी दिवसाला अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त वाया घालवितो. शंभर-दोनशे कृमी असतील, तर महिन्याकाठी किती रक्त जाईल याचा हिशेब चौथीचा विद्यार्थीही करील. याच्या अळ्या तोंडावाटे येतातच असे नाही. मळलेल्या ओल्या मातीतून त्या अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. भाताची खाचरे, नदीकाठची झाडी, नारळी-पोफळीच्या बागा अशा ओलसर व सावलीच्या जागी उघड्यावर शौचास बसण्याची चाल असेल, तर या कृमीला दुसरे काही लागत नाही.

तिसरा चाबूककृमी. हा मोठ्या आतड्यात राहतो. भार मोठा असेल, तर आव पडते आणि मुलाची वाढ खुंटते.

याखेरीज सुतासारखे पांढरे बारीक कृमी अनेक मुलांना होतात. रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, झोप मोडते. त्यांचा उपद्रव पुष्कळ; पण त्यांच्यामुळे वजन सहसा घटत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थोडे जंत असलेल्या मुलांत बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. भार वाढला म्हणजे पोटदुखी, मंद भूक, फिकटपणा, थकवा, माती वा पेन्सिल खाण्याची ओढ आणि वजनाची घट, ही चिन्हे हळूहळू उमटतात. ती एका दिवसात येत नाहीत, म्हणूनच रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

३. ‘आळसाचा’ इतिहास

आजाराला आळस म्हणण्याची चूक मी एकट्याने केली असे नाही. १८८० साली आल्प्स पर्वतात गोटहार्ड बोगद्याचे काम चालू असताना शेकडो मजूर पांढरे पडून खचू लागले. त्याचे कारण अंकुशकृमी निघाले. हा कृमी कातडीतून शिरतो हे जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लूस यांच्या ध्यानी १८९८ साली कैरो येथे आले, तेही अपघाताने. अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले, तेथे आग व खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी दिसली.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकऱ्यांना त्या काळी सुस्त व कामचुकार म्हणत. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स यांनी या सुस्तीमागे अंकुशकृमी असल्याचे मांडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यास ‘आळसाचा जंतू’ असे नाव देऊन थट्टा केली. पुढे १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी दिलेल्या दहा लाख डॉलरांच्या निधीतून तेथे मोठी मोहीम सुरू झाली. अकरा राज्यांतील पाहणीत शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुले बाधित आढळली. या मोहिमेने शाळेचा आधार घेतला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. औषध वैद्यांनी दिले. परंतु ते का घ्यावयाचे आणि शौचकूप का बांधावयाचा, हे घरोघर नेण्याचे काम शाळांमार्फत झाले.

४. गोळीचा दिवस

आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना शाळा व अंगणवाडी यांमधून अल्बेंडाझोलची गोळी देतात. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे त्याचे ठरलेले दिवस. मात्र आपल्या जिल्ह्याची तारीख परिपत्रकात पाहावी. दोन वर्षांपुढील मुलास ४०० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी. एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी गोळी कुटून, पाण्यात कालवून देतात.

शिक्षकाने पुढील दक्षता घ्यावी.

(अ) गोळी आपल्यासमोर चावून खाण्यास सांगावी व वर पाणी द्यावे. घरी खाण्यासाठी गोळी देऊ नये.

(आ) त्या दिवशी आजारी असलेल्या किंवा अन्य औषध चालू असलेल्या मुलास गोळी देऊ नये. त्याचे व गैरहजर मुलांचे नाव लिहून ठेवावे आणि राहिलेल्यांसाठी ठरविलेल्या दिवशी, बरे असल्यास, त्यांना गोळी द्यावी.

(इ) ज्यांच्या पोटात जंत अधिक, त्यांना मळमळ, पोटात कळ किंवा चक्कर येऊ शकते. मुलाला सावलीत निजवावे, पाणी पाजावे. बहुधा थोड्या वेळात बरे वाटते; न वाटल्यास आरोग्य केंद्राशी तत्काळ संपर्क साधावा.

गोळीने पोटातील जंत मरतात. अंगणातील मातीत पडलेली अंडी मरत नाहीत. म्हणून स्वच्छता सुधारली नाही, तर सहा महिने ते वर्षभरात पुन्हा लागण होते. सर्व मुलांना गोळी दिली की सर्वांचे वजन वाढते, असेही संशोधनातून दिसलेले नाही. ज्याच्या पोटात जंतांचा भार मोठा आहे त्याला लाभ होतो. ज्याचे वजन अन्य कारणाने घटते आहे, त्याला या गोळीने काय होणार? गोळीच्या नोंदवहीवर सह्या पुऱ्या झाल्या म्हणजे काम पुरे झाले, असे समजू नये. तेथून पुढे शिक्षकाची नजर हवी.

५. वजनाची वही

एक साधी शंभरपानी वही घ्यावी. प्रत्येक मुलास एक ओळ व प्रत्येक महिन्यास एक रकाना ठेवावा. महिन्यातील एक वार ठरवून, त्याच काट्यावर, सकाळच्या त्याच वेळी, दप्तर व वहाणा काढून वजन करावे. काटा शाळेत नसेल, तर अंगणवाडीतील काटा वापरण्याची व्यवस्था सेविकेशी बोलून करावी.

प्राथमिक वयातील निरोगी मूल वर्षाकाठी साधारण २ ते ३ किलो वाढते. म्हणजे महिन्याला सुमारे २०० ग्रॅम. एवढा फरक कपड्यांनीही पडू शकतो, म्हणून एका महिन्याच्या आकड्यावरून घाबरू नये. तापातून उठलेल्या मुलाचे वजन उतरते व पुन्हा भरून येते. माझा व्यवहारातील ठोकताळा असा : लागोपाठ तीन महिने वजन हलले नाही, किंवा कोणत्याही महिन्यात एक किलो उतरले, तर त्या नावाखाली तांबडी रेघ ओढावी, पालकांना भेटावे आणि मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. शालेय तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ही वही प्रथम दाखवावी. पण तांबडी रेघ पडली असता पथकाची वाट पाहत बसू नये.

आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. “याच्या पोटात जंत आहेत” असे चारचौघांत म्हणणे म्हणजे त्या मुलाला वर्षभराचे टोपणनाव देणे होय.

६. जंताखेरीज अन्य कारणे

वजन उतरलेल्या प्रत्येक मुलास जंतच झाले आहेत, असे धरून चालल्यास मोठी हानी होईल. पुढील गोष्टी दिसल्यास जंताच्या गोळीवर विसंबू नये.

पोट फुगणे, वारंवार पातळ, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौचास होणे, आणि त्याबरोबर वजन घटणे, यामागे जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो दूषित पाण्यातून येतो. त्याला जंताची एक गोळी पुरत नाही. वैद्यांनी सांगितलेले निराळे औषध ठरल्याप्रमाणे पूर्ण घ्यावे लागते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, आणि उतरते वजन, असे असेल, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

फार तहान लागणे, वारंवार लघवीस जाणे, मोठे मूल अंथरूण ओले करू लागणे आणि झपाट्याने रोडावणे, ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. लहान मुलांनाही मधुमेह होतो. येथे एक दिवसही दवडू नये.

पोट ताठर होणे, जोराची कळ, उलट्या व शौच बंद होणे, विशेषतः उलटीतून गोलकृमी पडल्यास, आतड्यात जंतांचा गुंता झालेला असू शकतो. मुलास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आणि एक कारण कोणत्याही औषधाने न जाणारे आहे : घरात पुरेसे अन्नच नसणे. ते विचारताना शब्द जपून वापरावेत.

७. गेलेले वजन भरून येण्यासाठी

जंत पडले की मूल आठवड्यात गुटगुटीत होते, अशी पालकांची समजूत असते. गेलेले रक्त भरून येण्यास काही महिने लागतात. शाळेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यास मिळणारी लोहाची गुलाबी गोळी व मोठ्यांची निळी गोळी जेवणानंतर नियमाने द्यावी. मात्र पांडुरोग अधिक असल्यास तेवढ्याने भागत नाही, वैद्य सांगतील तो रोजचा उपचार करावा. लोहाने शौच काळे होते. त्यात भीतीचे कारण नाही, हे आईला आधीच सांगावे.

आहारासाठी महाग वस्तू सुचवू नयेत. नाचणी-बाजरीची भाकरी, वरण, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, चालत असल्यास अंडे वा मासळी, असे जेवण असावे. भाकरी वरणात कुस्करून वर चमचाभर तेल वा तूप घालावे. भूक मंद असेल, तर दोन वेळच्या जेवणाऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा द्यावे. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते. सकाळी चहा-चपातीवर शाळेत येणारी मुले आपल्याकडे थोडी नाहीत. चहाच्या जागी दूध किंवा पेज देण्यास सुचवावे.

गोड खाल्ल्याने जंत होतात हा समज चुकीचा आहे. जंत मातीतून येतात. वावडिंग, ओवा यांवर घरोघर विश्वास असतो. त्याची निंदा करू नये. परंतु गोळीस तो पर्याय नव्हे, हे स्पष्ट सांगावे. ‘दृष्ट लागली’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालण्यापेक्षा, “आजी, दृष्ट काढा, आणि उद्या सकाळी आरोग्य केंद्रातही येऊ या,” असे म्हणणारा शिक्षक मुलाला लवकर बरे करतो.

८. वर्गपाठाची रूपरेषा (इयत्ता तिसरी-चौथी, वेळ ३५ मिनिटे)

उद्दिष्ट : जंत मातीतून शरीरात कसे येतात हे विद्यार्थ्यांना समजणे व हात धुण्याची योग्य सवय लागणे.

साहित्य : खडूची पूड, बादली, साबण, कुरमुरे.

प्रस्तावना : “सकाळपासून तुमच्या हातांनी कशाकशाला स्पर्श केला?” उत्तरे फळ्यावर लिहावीत.

प्रयोग : एका मुलाच्या तळव्यास खडूची पूड लावावी. त्याने शेजाऱ्याचा हात धरावा, त्याने पुढच्याचा. पाटी, दार, पाण्याचा पेला यांना सर्वांनी हात लावावेत. मग पूड कोठे कोठे पोहोचली ते मुलांनी शोधावे. “पूड दिसते, जंतांची अंडी इतकी बारीक की दिसत नाहीत,” हे येथे सांगावे. पुडीचे हात नुसत्या पाण्यात बुडवून काढावेत व नखांच्या कडा पाहाव्यात. नंतर साबणाने चोळून धुवून पुन्हा पाहाव्यात. स्वच्छ हातांनीच कुरमुरे वाटावेत.

फलकलेखन : शौचानंतर व जेवणापूर्वी साबण. नखे आखूड. पायांत चपला. शौचास शौचकूपातच.

उपयोजन : प्रत्येक मुलाने घरातील एका व्यक्तीला हा प्रयोग दाखवावा.

पाठ एका दिवसाचा, सवय वर्षाची. शालेय पोषण आहाराच्या पंगतीपूर्वी साबण हाताशी नसेल, तर हा पाठ फळ्यावरच राहील. गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला, मग कीर्तन केले; तो क्रम आपण विसरू नये. शाळेचे शौचकूप उघडे, पाण्याचे व मुलांना वापरता येण्याजोगे आहे ना, हे मुख्याध्यापकांनी रोज स्वतः पाहावे.

९. समारोप

त्या मुलाला औषध मिळाले, तीन-चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. मार्चपर्यंत त्याचे वजन २१ किलोंच्या पुढे गेले आणि दुपारच्या तासाला तो इतका बोलू लागला की, मला त्याला गप्प करावे लागे. वार्षिक प्रगतिपुस्तकावर मी चांगला शेरा लिहिला. परंतु त्याच पानावर, वरच्या ओळीत, सहामाहीचा शब्द तसाच होता. शाईने लिहिलेला शेरा खोडता येत नाही, आणि वर्गाबाहेर उभे केलेले तास परत देता येत नाहीत.

तेव्हा, शिक्षक बंधुभगिनींनो, ‘आळशी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी वजनाची वही उघडावी, आणि मुलाची पापणी प्रकाशात पाहावी. येत्या महिन्याच्या केंद्र बैठकीस प्रत्येक शाळेने आपली वही आणावी. तांबड्या रेघेच्या प्रत्येक नावापुढे काय केले, हे एका वाक्यात लिहिलेले असावे.